आपली जमीन, शेजाऱ्यांचे छत
(सदनिकेतील तालवाद्यांचा सराव : ध्वनी, कंपने आणि आरोग्य)

आमच्या इंदूर नगरीला लयवाद्यांचे वेड जुने आहे. होळकरांच्या राजाश्रयाखाली पखवाजवादक नाना पानसे यांनी एकोणिसाव्या शतकात येथे जी वादनपरंपरा रुजविली, ती त्यांच्याच नावाचे घराणे म्हणून पुढे मान्यता पावली. विसाव्या शतकात उस्ताद जहाँगीर खाँ यांनी याच शहरात तबल्याचे अनेक शिष्य तयार केले. तो काळ वाड्यांचा होता. जाड भिंती, प्रशस्त ओसरी आणि बैठकीखाली थेट भूमी असल्यावर थापेचा धक्का मातीत जिरून जातो. त्याने कोणाची झोप मोडण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. आज आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे सदनिकांत राहतात. आपली जमीन हे दुसऱ्या कोणाचे तरी छत असते आणि आपली भिंत ही शेजाऱ्यांचीही भिंत असते. त्यातच नव्या पिढीने तबल्याच्या जोडीला पाश्चात्त्य ड्रम-संचही आपलासा केला आहे.

कान-नाक-घसा विभागातील दीर्घ व्यवसायात या विषयाच्या दोन्ही बाजू माझ्यासमोर आल्या. कानात अखंड शिट्टी वाजते म्हणून येणारे तरुण वादक मी पाहिले आणि वरच्या मजल्यावरील वादनाने त्रस्त होऊन झोपेच्या गोळ्या मागणारे गृहस्थही पाहिले. पुढे माझा नातू ड्रम शिकू लागला आणि हा विषय दवाखान्यातून घरात आला. त्या निमित्ताने जे वाचले, करून पाहिले आणि मोजले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

ध्वनीच्या दोन वाटा

वैद्यकाच्या पहिल्या पाठांपैकी एक पाठ सर्व डॉक्टर वाचकांच्या स्मरणात असेल. ५१२ हर्ट्‌झचा स्वरकाटा आधी कानामागील हाडावर टेकवावयाचा आणि मग कानासमोर धरावयाचा. पहिल्या वेळी ध्वनी हाडांतून पोहोचतो, दुसऱ्या वेळी हवेतून. निरोगी कानाला हवेतून आलेला ध्वनी अधिक चांगला ऐकू येतो. रिने यांची ही कसोटी कानाप्रमाणे इमारतीलाही लावता येते.

इमारतीतही ध्वनीच्या अशाच दोन वाटा आहेत. झांजेचा वा स्नेअरचा आवाज प्रथम हवेत पसरतो आणि दारे, खिडक्या, भिंती यांतून शेजाऱ्यांकडे जातो. ही झाली हवेची वाट. बेस ड्रमच्या पेडलवर पाय आपटतो तेव्हा मात्र तो धक्का ड्रमच्या पायांतून थेट स्लॅबमध्ये शिरतो. स्लॅब, तुळया आणि खांब ही इमारतीची हाडे होत. काँक्रीट हा घट्ट, एकसंध पदार्थ असल्यामुळे त्यातून कंपने अल्प क्षयाने दूरवर जातात आणि दोन मजले खालच्या खोलीचे छत अथवा भिंत एखाद्या पडद्याप्रमाणे हलवून तेथील हवेत पुन्हा ध्वनी निर्माण करतात. खालच्या मजल्यावरील माणसाच्या बाबतीत रिनेची कसोटी उलटी निघते. त्याला हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा ‘हाडांतून’ येणारा आवाज अधिक त्रास देतो.

या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे अनेक घरांत पैसा व्यर्थ जातो. हवेच्या वाटेवरचा उपाय हाडांच्या वाटेवर चालत नाही. दुखणे कोणते हे ठरविल्याशिवाय औषध देऊ नये, हा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

निदानासाठी आपल्याजवळ एक उत्तम साधन आहे. घरात कोणी सराव करीत असताना स्टेथोस्कोप फरशीवर, भिंतीवर, खांबावर आणि दाराच्या चौकटीवर टेकवून पाहावा. खालच्या पट्टीतील ध्वनीसाठी बेल हलकेच ठेवावी, वरच्या पट्टीसाठी डायफ्रॅम दाबून धरावा. हृदयाचा तिसरा ध्वनी शोधताना आपण करतो तसेच. पेडलचा धक्का फरशीतून किती दूर जातो आणि कोणत्या खांबात उतरतो, हे काही मिनिटांत कळते. माझ्या घरी खोलीच्या मध्यापेक्षा कोपऱ्यातील खांबाजवळ धक्का अधिक स्पष्ट ऐकू आला आणि ड्रम-संचाची जागा त्यावरून ठरली.

शेजाऱ्यांना केवळ ‘धप्प’ का ऐकू येते?

आपण जे वाजवितो आणि शेजारी जे ऐकतात, त्यांत मोठे अंतर असते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तालवाद्यांचा सखोल अभ्यास केला होता. १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आणि १९३४ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांनी दाखवून दिले की, मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे तिच्या कंपनांचे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकांच्या प्रमाणात जुळतात. म्हणूनच तबला स्वरात लावता येतो. सामान्य ढोलाच्या पडद्यातून निघणारे उपस्वर असे जुळत नाहीत.

परंतु ही सारी किमया वरच्या कंप्रतांत असते. भिंत आणि स्लॅब वरच्या कंप्रता बऱ्याच अडवितात. खालच्या कंप्रता मात्र पार होतात. परिणामी तबल्याच्या चाटेवरील नाद, झांजेची झळाळी, बोलांची स्पष्टता हे सर्व गाळले जाऊन शेजाऱ्यांकडे उरतो तो केवळ डग्ग्याचा किंवा बेस ड्रमचा धक्का. आपल्या मुलाने बसविलेला सुंदर कायदा त्यांच्यापर्यंत कधी पोहोचतच नाही. ‘इतके छान वाजवितो, तरी यांना कौतुक नाही’ ही आपली खंत आणि ‘दिवसभर कोणी तरी कुटत असते’ ही त्यांची तक्रार, या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असतात.

भिंतींविषयीचे गैरसमज

अंड्यांचे कागदी ट्रे किंवा फोमचे खवलेदार तुकडे भिंतीवर चिकटविले की आवाज बाहेर जात नाही, अशी सार्वत्रिक समजूत आहे. या मऊ पदार्थांनी खोलीच्या आतील घुमारा कमी होतो, वादकाला स्वतःचे वादन स्वच्छ ऐकू येते. भिंतीपलीकडे जाणारा आवाज मात्र त्यांनी फारसा अडत नाही. ध्वनी अडविण्यास वजन लागते. एकपदरी भिंतीचे वजन दुप्पट केले तर रोध सुमारे ५ ते ६ डेसिबलने वाढतो, असा ढोबळ नियम आहे. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. मुलांच्या बंद खोलीत असा फोम लावणे कोणत्याही डॉक्टरला मानवू नये.

दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची वीटभिंत साधारण ४० ते ४५ डेसिबल रोध देते. ड्रम-संचाचा आवाज वादकाजवळ १०० ते ११० डेसिबलपर्यंत सहज जातो. म्हणजे भिंत धडधाकट असूनही पलीकडे ६० डेसिबलच्या आसपास आवाज राहू शकतो. यावर उपाय म्हणून सदनिकेत आणखी एक भिंत बांधण्याचा विचार कोणी करील, तर त्याने आधी संरचना अभियंत्याला विचारावे. निवासी स्लॅबचा वापरभार सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो इतका धरलेला असतो आणि वीटभिंतीचे वजन त्यात सहज बसेल असे नसते.

त्याआधी फटी बुजविणे अधिक शहाणपणाचे. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या केवळ एक टक्का फट उघडी असेल तर ध्वनिऊर्जेचा एक टक्का सरळ बाहेर जातो आणि बाकीची भिंत कितीही भक्कम असली तरी एकूण रोध २० डेसिबलच्या पुढे जात नाही. दाराखालची अर्धा इंच फट, खिडकीच्या सरकत्या चौकटी, वातानुकूलन यंत्राच्या नळीभोवतीचे छिद्र या गोष्टी प्रथम पाहाव्यात. दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी, खाली झडप आणि पोकळ दाराऐवजी भरीव दार, एवढ्यानेही फरक जाणवतो.

तरंगता मंच

आता हाडांची वाट. येथे उपाय एकच : वाद्य आणि स्लॅब यांच्यामध्ये लवचीक थर घालणे. हा थर किती लवचीक असावा, यातच सारे मर्म आहे.

झोक्याला जसा स्वतःचा वेग असतो, तशी स्प्रिंगवर ठेवलेल्या कोणत्याही वजनाला स्वतःची स्वाभाविक कंप्रता असते. बाहेरील धक्क्याची कंप्रता या स्वाभाविक कंप्रतेच्या सुमारे १.४ पटीहून अधिक झाल्यावरच धक्का अडू लागतो. त्याहून कमी असेल तर काहीच अडत नाही आणि दोन्ही कंप्रता जुळल्या तर धक्का उलट वाढतो. वजनाखाली थर जितका अधिक दबेल तितकी स्वाभाविक कंप्रता खाली येते. थर एक सेंटिमीटर दबला तर ती सुमारे ५ हर्ट्‌झ असते; केवळ एक दशांश मिलिमीटर दबला तर ती ५० हर्ट्‌झच्या आसपास जाते. बेस ड्रमच्या धक्क्याचा जोर याच टापूत असतो. म्हणून कडक रबराची पातळ चटई आश्वासक दिसली तरी उपयोगी पडत नाही, क्वचित त्रास वाढवितेही. जाड सतरंजीने काठीची वा पायाची वरची टकटक मंदावते, पण धक्का थांबत नाही.

स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणून जगभरचे हौशी वादक टेनिसच्या चेंडूंवरील मंच वापरतात. त्यामागील गणित पडताळून पाहण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या मानकानुसार सुमारे ८ किलो भाराखाली चेंडू साधारण ५.६ ते ७.४ मिलिमीटर दबला पाहिजे. वादक, वाद्य आणि मंच मिळून १२५ किलो वजन धरले व २५ चेंडू वापरले, तर प्रत्येकावर ५ किलो भार येतो आणि मंचाची स्वाभाविक कंप्रता सुमारे ८ हर्ट्‌झ निघते. ५० हर्ट्‌झचा धक्का त्याच्या सहा पटींहून अधिक असल्याने सिद्धांतानुसार त्याचा सुमारे चाळिसावा हिस्साच खाली जावा. प्रत्यक्षात स्लॅब स्वतः थोडा लवचीक असतो, चेंडूही आदर्श स्प्रिंग नसतात, त्यामुळे लाभ याहून कमी मिळतो; तरीही तो कोणत्याही चटईपेक्षा कितीतरी अधिक असतो.

रचना कोणताही सुतार करू शकेल. साधारण पाच फूट बाय चार फुटांचे जाड प्लायवुडचे दोन तक्ते घ्यावेत. खालच्या तक्त्यावर आणखी एक तक्ता बसवून त्यात चेंडूच्या व्यासाहून लहान, सुमारे पाच सेंटिमीटरची भोके पाडावीत, म्हणजे चेंडू जागेवरून घरंगळत नाहीत. वरच्या तक्त्याच्या खालील बाजूसही तशीच भोके ठेवावीत. वादकाची बैठक आणि पेडल यांच्याखाली चेंडू थोडे दाट असावेत. मात्र एकूण संख्या उगाच वाढवू नये. चेंडू दुप्पट केले तर मंच कडक होऊन स्वाभाविक कंप्रता १२ हर्ट्‌झकडे सरकते आणि रोध घटतो. उलट चेंडू फारच कमी ठेवले तर ते चेपून तक्ते एकमेकांना टेकतात.

तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. वरचा तक्ता चेंडूंखेरीज कशालाही स्पर्श करू नये. मंच भिंतीपासून चार बोटे दूर असावा. आणि वादकाचे आसन मंचावरच असावे, कारण पाय आपटताना आसनातूनही धक्का उतरतो. एखादा खिळा वा स्क्रू वरखालचे तक्ते जोडून गेला तर सारा खटाटोप वाया जातो. अस्थिभंगानंतर सांधलेल्या हाडातून जसे वहन पुन्हा सुरू होते, तसेच हे.

वाद्यातील बदल

उगमापाशीच आवाज कमी झाला तर पुढचे काम हलके होते. ड्रम-संचासाठी जाळीदार पडदे आणि सच्छिद्र झांजा मिळतात; त्यांनी हवेतील आवाज लक्षणीय घटतो. इलेक्ट्रॉनिक संच कर्णयंत्रे लावून वाजविता येतो, पण तो ‘निःशब्द’ असतो हा समज अपुरा आहे. पेडलचा धक्का त्यातही तसाच स्लॅबमध्ये उतरतो, म्हणून मंच त्यालाही हवाच. कडक रबराच्या पॅडपेक्षा जाळीदार पॅडवर काठीचा प्रत्याघात सौम्य असतो. मनगटाच्या दृष्टीने ते अधिक सोयीचे. टाच पेडलवर टेकवून केवळ पावलाने वाजविण्याचा सराव केल्यास धक्का कमी होतो आणि पायावर ताबाही येतो. हाताच्या रचनांसाठी रबरी सरावपॅड पुरेसे आहे. त्यासाठी पूर्ण संच वाजविण्याचे कारण नाही.

तबला-पखवाजाची बाब तुलनेने सोपी. पेडल नसल्याने धक्का कमी, आवाजही मर्यादित. तबला-डग्गा मऊ चुंबळीवर ठेवून खाली जाड गादी आणि तीवर सतरंजी अंथरल्यास बहुतेक काम भागते. ढोल-ताशाची जागा मात्र मोकळ्या मैदानातच. त्यावर सदनिकेत उपाय शोधू नये.

वादकाचा कान

शेजाऱ्यांची चिंता करताना वादकाच्या कानाची चिंता मागे पडते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास सुरक्षित मानला जातो आणि दर ३ डेसिबल वाढीला हा अवधी निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. बंद, लहान खोलीत ड्रम वाजविणारा मुलगा ही मर्यादा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच ओलांडतो. हानी प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपास होते. बोलणे ऐकू येत असल्याने ती लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हा अंतःकर्णातील केशपेशी गेलेल्या असतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वादकांसाठी मिळणारे, सर्व कंप्रता सारख्या प्रमाणात कमी करणारे कर्णरोधक वापरावेत. कर्णयंत्रांचा आवाजही मर्यादित ठेवावा. सरावानंतर कानात शिट्टी वाजणे हा इशारा आहे. वर्षातून एकदा श्रवणालेख काढून घेणे उत्तम.

घड्याळ आणि शेजार

आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत शयनगृहातील अखंड आवाज ३० डेसिबलच्या आत आणि तुटक आवाज ४५ च्या आत असावा, असे सुचविले होते. झोपमोड होण्यास माणूस पूर्ण जागा व्हावाच लागतो असे नाही. झोपेतही नाडी व रक्तदाब आवाजाला प्रतिसाद देतात.

परंतु नियमांचे घड्याळ सर्वांचे नसते. आमच्या खालच्या सदनिकेत एक परिचारिका राहते. तिला महिन्यातील निम्मे दिवस रात्रपाळी असते. नातवाचा ड्रम आला तेव्हा एका संध्याकाळी मी व तो खाली गेलो आणि तिला विचारले. ती संकोचून म्हणाली, “डॉक्टरकाका, तुमचं काही चुकत नाही. सगळं जग दिवसाच वाजवतं. माझी रात्रच दिवसा असते, त्याला कोण काय करणार?” नातवाने तिथल्या तिथे वही मागितली आणि तिच्या पाळ्या लिहून घेतल्या. मंच तयार झाल्यावर तो वर वाजवीत राहिला आणि मी स्टेथोस्कोप घेऊन तिच्या शयनगृहाच्या भिंतीशी उभा राहिलो. धक्का अगदी नाहीसा झाला नव्हता. पण नुसत्या कानाला तो ओळखू येईना. आता तिच्या रात्रपाळीच्या आठवड्यात सराव संध्याकाळी पाचनंतर, सलग पाऊण तास. दुपारी केवळ पॅड. मंचासाठी झालेला खर्च माफक होता. त्या वहीतील पानाला तर काहीच पडले नाही, पण उपयोग दोहोंचा सारखाच झाला.

ज्यांना हा मार्ग चोखाळावयाचा आहे त्यांनी क्रम असा ठेवावा, असे मला वाटते. प्रथम खालच्या व बाजूच्या घरी जाऊन विचारावे आणि वेळ ठरवावी. मग स्टेथोस्कोपने निदान करावे. त्यानंतर जागा बदलणे, फटी बुजविणे, वाद्य सौम्य करणे आणि मंच बांधणे. भिंतींवरचा खर्च सर्वांत शेवटी, तोही अभियंत्याच्या सल्ल्याने. आणि वादकाच्या कानांचे रक्षण पहिल्या दिवसापासून.

ज्या नगरीने पखवाज-तबल्याला एवढा मान दिला, तेथील मुलांच्या हातून लय सुटू नये आणि त्याच इमारतीतील थकलेल्या माणसाची झोपही मोडू नये, या दोन्ही गोष्टी थोड्या विज्ञानाने व थोड्या सौजन्याने साधणाऱ्या आहेत. आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी असा मंच करावयाचा असेल त्यांनी अवश्य करून पाहावा. मोजमापाला स्टेथोस्कोप तर प्रत्येकाच्या घरी आहेच.